बिलावरचा कर आणि गल्ल्यातली अमानत

‘जकात’ हा शब्द मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला दोन अर्थांनी माहीत आहे. एक जकात रमजानमध्ये हिशेब करून गरिबांना दिली जाते. ती इबादत आहे, इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक आहे. दुसरी जकात शहराच्या नाक्यावर ट्रक थांबवून वसूल केली जात असे. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द या नाक्यांवर मालाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिल्या. नाक्यावरची ही जकात ३० जून २०१७ च्या मध्यरात्री बंद झाली आणि १ जुलैपासून देशभर वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला.

शब्द एकच असल्याने आपल्या समाजात थोडा गोंधळ आजही दिसतो. ‘सरकारला एवढा कर भरतो, मग जकात वेगळी कशाला?’ असे कोणी म्हणतो. ‘सरकारचा कर चुकवला तर त्यात कसला गुनाह?’ असेही कोणी म्हणतो. दोन्ही बोलणी हिशेबाला आणि दीनला धरून नाहीत. बाजारात घेणारे आणि विकणारे दोघेही आपल्याच घरात असतात. अम्मी किराणा घेते, अब्बांचे दुकान असते, भाभी घरून मसाले विकते. म्हणून विक्रीवरचा हा कर नेमका कसा चालतो, तो कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या हातून जातो, हे प्रत्येक घराला कळले पाहिजे असे आम्हाला वाटते.

नाक्यावरच्या वसुलीला ‘जकात’ का म्हणत?

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत व्यापारी मार्गांवर वसुली अधिकारी नेमले गेले. मुसलमान व्यापाऱ्याच्या मालावर तेथे जे घेतले जाई, ते त्याच्या जकातीतच धरले जात असे. पुढे अरबी-फारसी कारभाराबरोबर हा शब्द दख्खनमध्ये आला आणि हळूहळू मालावरच्या कोणत्याही महसुलासाठी वापरला जाऊ लागला. शिवकालीन आणि पेशवाईतल्या कागदपत्रांत जकात याच अर्थाने येते. गोव्याच्या बारदेशातून येणारे स्वस्त मीठ कोकणातल्या मिठागरांचा धंदा बुडवील, म्हणून त्यावर जबर जकात बसवावी, असे शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभ्याला कळवले होते. स्थानिक विक्रेत्याला सांभाळण्यासाठी कर कसा वापरता येतो, याचा हा आपल्याच मातीतला जुना दाखला आहे.

इंग्रजी अमलातही नगरपालिकांची जकात चालू राहिली आणि स्वातंत्र्यानंतर ती शहरांच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनली. माल शहराच्या हद्दीत आला की त्यावर जकात लागे, मग तो विकला जावो वा न जावो. नाक्यावर वेळ जाई, डिझेल जळे आणि हे सारे शेवटी ग्राहकाच्या माथी पडे. तिच्या जागी बऱ्याच शहरांत स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. व्यापाऱ्यांचा त्याला मोठा विरोध झाला. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला. मुंबईत जकात चालूच होती, ती जीएसटी येईपर्यंत टिकली. या बदल्यात महापालिकांना राज्य सरकारने भरपाई द्यावी, असा कायदा महाराष्ट्राने २०१७ सालीच केला.

राज्याचा विक्रीकर

जकात शहराची, तर विक्रीकर राज्याचा. मद्रास प्रांताने १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर सुरू केला. मुंबई इलाख्याचा कायदा १९४६ साली झाला. पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला आणि १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात व्हॅट सुरू झाला. जुन्या पद्धतीत कारखान्यात केंद्राचे उत्पादन शुल्क लागे, विक्रीच्या वेळी राज्याचा कर लागे आणि शहरात शिरताना जकात लागे. आधी भरलेला कर मालाच्या किमतीत मिसळून जाई आणि पुढचा कर त्यावरही बसे. म्हणजे करावर कर.

जीएसटीने यातले बहुतेक कर एकत्र केले. तरी राज्याचा हिस्सा संपलेला नाही. आपल्या बिलावर तो वेगळा छापलेला असतो. १८ टक्के कर असेल, तर बिलावर ‘सीजीएसटी ९ टक्के’ आणि ‘एसजीएसटी ९ टक्के’ अशा दोन ओळी दिसतात. पहिला हिस्सा केंद्राचा, दुसरा महाराष्ट्राचा. माल दुसऱ्या राज्यातून थेट ग्राहकाकडे आला, तर ‘आयजीएसटी’ ही एकच ओळ असते. त्यातला राज्याचा वाटा जेथे माल वापरला जातो त्या राज्याला मिळतो. सुरतच्या व्यापाऱ्याकडून नांदेडच्या घरी कपडा मागवला, तर कर सुरतचा व्यापारी भरतो, पण राज्याचा वाटा महाराष्ट्राच्या तिजोरीत येतो.

पेट्रोल, डिझेल आणि दारू मात्र जीएसटीच्या बाहेर आहेत. पेट्रोल-डिझेलवर आजही प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावते. म्हणूनच राज्याची हद्द ओलांडली की पेट्रोलचा भाव बदलतो. सिंधुदुर्गातली माणसे गोव्यात गेली की गाडीची टाकी भरून का येतात, त्याचे कारण हेच.

शहर-गावाची वसुली पूर्णपणे संपली असेही नाही. आठवडे बाजारात पथारी टाकणाऱ्या विक्रेत्याकडून ग्रामपंचायत किंवा नगरपालिका बाजार फी घेते. ही फी जागेच्या वापराची असते, तिचा जीएसटीशी संबंध नाही. भाजी, बांगड्या, चपला विकणाऱ्या आपल्या भावा-बहिणींनी फी देताना पावती जरूर मागावी. पावतीशिवाय घेतलेला पैसा पंचायतीत पोचतो की नाही, हे कोण सांगणार?

साखळी कशी चालते?

एक साधा हिशेब पाहू. दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याकडून एक सलवार-कमीज ८०० रुपयांना घेतली. त्यावर ५ टक्के कर, म्हणजे ४० रुपये, त्याने घाऊक व्यापाऱ्याला दिले. तीच सलवार-कमीज त्याने ग्राहकाला १,००० रुपयांना विकली आणि ५० रुपये कर घेतला. ग्राहकाने दिले १,०५० रुपये. आता दुकानदाराला सरकारकडे ५० रुपये भरायचे नाहीत. आधी दिलेले ४० वजा करून १० रुपये भरायचे आहेत. ४० रुपये घाऊक व्यापारी आपल्या हिशेबात दाखवतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सगळे ५० रुपये शेवटी ग्राहकाच्या खिशातून गेले. दुकानदाराने स्वतःचे काही दिले नाही, तो फक्त मधला हात झाला. ग्राहक कर दुकानदाराला देत नसतो, दुकानदारामार्फत सरकारला देत असतो. त्यामुळे तो पैसा गल्ल्यात पडला तरी दुकानदाराचा होत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर तो अमानत आहे.

बिल हातात आल्यावर काय पाहावे?

१. जीएसटी क्रमांक. तो १५ आकडी-अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९, गुजरातचे २४. पुढची दहा अक्षरे म्हणजे व्यापाऱ्याचा पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की दुकानाचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही दिसते. बिलावर क्रमांक नाही, पण कर लावला आहे, तर तो कर घेण्याचा हक्कच दुकानदाराला नाही.

२. छापील किंमत. पाकीटबंद वस्तूवरच्या एमआरपीत सर्व कर आलेले असतात. १०० रुपये एमआरपीच्या वस्तूवर ‘अधिक जीएसटी’ म्हणून १०५ किंवा ११८ रुपये मागणे बेकायदा आहे.

३. सेवा शुल्क. हॉटेलच्या बिलावर कधी कधी ‘सर्व्हिस चार्ज’ ही ओळ असते. तो कर नाही आणि सरकारला जात नाही. तो सक्तीने लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. ग्राहक नम्रपणे नकार देऊ शकतो.

४. ‘कंपोझिशन’ दुकान. लहान व्यापाऱ्यांसाठीच्या या सवलतीच्या योजनेविषयी पुढे लिहिले आहे. अशा दुकानाला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि आपण या योजनेत असल्याचे बिलावर लिहावे लागते. तेथे बिलात जीएसटीची ओळ दिसली, तर विचारावे.

२०० रुपयांपेक्षा कमी खरेदीला ग्राहकाने मागितले नाही, तर नोंदणीकृत दुकानदाराने प्रत्येकाला वेगळे बिल दिलेच पाहिजे असे नाही. २०० रुपयांच्या पुढे मात्र बिल द्यावेच लागते. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

घरखर्चात कर कोठे लागतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची मोठी फेररचना झाली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून टाकले गेले. आता बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत येतात आणि चैनीच्या वा अपायकारक मानलेल्या थोड्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा टप्पा आहे.

ताजी भाजी, फळे, ताजे दूध, अंडी, ताजे मांस आणि मासे यांवर कर नाही. सुटे गहू, तांदूळ, डाळ, पीठ यांवरही नाही. मात्र तेच धान्य २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटात घेतले, तर ५ टक्के लागतात. हा नियम १८ जुलै २०२२ पासून आहे. महिन्याला भरपूर आटा आणि तांदूळ लागणाऱ्या एकत्र कुटुंबाने सुटे धान्य घेऊन चक्कीवर दळून आणले, तर हा खर्च वाचतो. छापील पुस्तकांवर कर नाही. मुलांच्या वह्या, पेन्सिली आणि खोडरबरही आता करमुक्त आहेत. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आले. तूप, लोणी, बदाम, पिस्ते, खजूर १२ वरून ५ वर आले, म्हणजे इफ्तारच्या दस्तरख्वानाला थोडा दिलासा मिळाला. शिलाई मशीन आणि सायकलही ५ टक्क्यांत आली. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांच्या हप्त्यावरचा कर पूर्ण गेला.

लग्नाच्या खरेदीत एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. तयार कपड्याच्या नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल, तर ५ टक्के कर आहे. त्यापुढे १८ टक्के. २,५०० रुपयांच्या जोड्यावर कर १२५ रुपये, म्हणजे एकूण २,६२५. तोच जोडा २,६०० रुपयांचा असेल, तर कर ४६८ रुपये आणि एकूण ३,०६८. किमतीत शंभराचा फरक, खिशाला मात्र ४४३ रुपयांचा. शेरवानी किंवा लेहंगा घेताना हे आधी विचारून घ्यावे. थानातून कापून घेतलेल्या कापडावर ५ टक्केच आहेत, त्यामुळे कापड घेऊन मोहल्ल्यातल्या शिंप्याकडे शिवून घेण्याची जुनी रीत अजूनही परवडते. सोन्याच्या दागिन्यांवर ३ टक्के कर आहे. दागिना परत करताना किंवा मोडताना वजन आणि शुद्धता सिद्ध करायची तर पक्के बिलच कामी येते.

हज-उमराविषयी विचारणा वारंवार होते. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांच्या सेवेला जीएसटीतून सूट आहे. खासगी टूरवाल्यांनाही ती मिळावी, अशी त्यांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये फेटाळली. त्यामुळे खासगी पॅकेज घेताना सांगितलेली रक्कम करासह आहे की कराशिवाय, हे बयाणा देण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

विकणाऱ्यांनी कधी नोंदणी करावी?

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेल्यावर नोंदणी करावी लागते. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. खानावळ आणि हॉटेल सेवेत मोडतात. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. दिवसाला ६,००० रुपयांची बिर्याणी विकणारा वर्षाला २१ लाखांच्या वर जातो आणि नोंदणीच्या कक्षेत येतो. हातात काय उरले, हे येथे मोजले जात नाही.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजना घेता येते. वस्तू विकणाऱ्याला १ टक्का आणि खानावळीला ५ टक्के कर स्वतःच्या उत्पन्नातून, तीन महिन्यांनी एकदा भरावा लागतो. हिशेब सोपा राहतो. पण ग्राहकाकडून कर घेता येत नाही, खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि माल दुसऱ्या राज्यात विकता येत नाही.

घरून लोणची, मसाले, बेकरीचे पदार्थ, अबाये आणि कपडे विकणाऱ्या आपल्या भगिनींनी एक नियम नीट समजून घ्यावा. ४० लाखांची सूट राज्यातल्या विक्रीला आहे. मिरजेहून बेळगावला किंवा सोलापूरहून हैदराबादला माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यातून सवलत आहे. सोशल मीडियावर फोटो टाकून विक्री करणाऱ्यांकडे परराज्यातून सहज मागणी येते आणि पार्सल पाठवून दिले जाते. अशी मागणी नियमित येऊ लागली, की जवळच्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे. ई-कॉमर्स कंपनीमार्फत राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय विक्रीची मुभा मिळाली आहे. त्यासाठी पोर्टलवर फक्त नावनोंदणी करावी लागते.

नोंदणी घेतली की विवरणपत्र वेळेवर भरणे आले. विक्री शून्य असली तरी ते भरावे लागते. न भरल्यास शून्य विवरणपत्राला दिवसाला २० रुपये आणि इतरांना ५० रुपये विलंब शुल्क चढत जाते. त्याला कायद्याने कमाल मर्यादा आहे, पण अनेक महिने साठले की लहान धंद्याला ते जड जाते. धंदा बंद केला तर नोंदणीही रद्द करून घ्यावी. दुकानाचे शटर ओढले म्हणजे कागदावरचे दुकान बंद होत नाही.

आधार-पॅन कोणाच्याही हाती देऊ नका

‘कर्ज मिळवून देतो’, ‘योजनेचे पैसे येतील’ असे सांगून गरीब वस्त्यांतून आधार, पॅन आणि सहीचे कागद गोळा केले जातात. मग त्यांच्या नावावर खोटी जीएसटी नोंदणी होते, कागदोपत्री कोट्यवधींची विक्री दाखवली जाते आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या हातात कराची नोटीस येते. अशा बातम्या वेळोवेळी येत असतात. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून आपल्या नावावर कोणती नोंदणी आहे, हे विनाशुल्क पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आजी-आजोबा, चाचा, खाला यांच्या पॅनची एकदा तपासणी करून द्यावी. अर्ध्या तासाच्या या खिदमतीने घराचा मोठा त्रास वाचू शकतो.

‘बिल नको ना? मग एवढे कमी करतो’

हे वाक्य प्रत्येकाने ऐकले आहे. ग्राहकाला वाटते, १८ टक्के वाचले. प्रत्यक्षात काय होते? मिक्सर महिन्याभरात जळाला तर वॉरंटी मागायला कागद नाही. ग्राहक आयोगात जायचे तर खरेदीचा पुरावा नाही. दुकानदाराने सगळे १८ टक्के सोडलेलेही नसतात, थोडे ग्राहकाला देऊन बाकीचे तो स्वतः ठेवतो. त्याच बाजारात पक्के बिल देणारा प्रामाणिक दुकानदार मात्र महाग ठरतो आणि गिऱ्हाईक गमावतो. म्हणजे आपली बचत एका सच्च्या माणसाच्या रोजीवर पाय ठेवून होते.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे ग्राहकाकडून कर घ्यायचा आणि भरायचाच नाही. कायद्याने घेतलेला कर तीन महिन्यांच्या आत सरकारजमा झाला नाही, तर १०,००० रुपये किंवा कराएवढी रक्कम, यातले जे जास्त असेल तेवढा दंड होतो. रक्कम मोठी असेल तर तुरुंगवासही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हा पैसा ग्राहकाने सरकारसाठी सोपवलेला होता. तो खाणे ही खियानत आहे.

पैगंबर मुहम्मद (स.अ.व.) यांना नबुव्वत मिळण्यापूर्वीच मक्केचे लोक ‘अल-अमीन’ म्हणत. ते व्यापारात होते आणि ही ओळख त्यांना व्यवहारातल्या सचोटीने मिळाली. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून त्यांनी आतली ओल दाखवून दिली आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण खुतब्यात ऐकतो. माप-तोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. तराजूची दांडी मारणे आणि बिलाची दांडी मारणे, यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

‘सरकार पैसा नीट वापरत नाही, मग का द्यायचा?’ हा प्रश्न तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि तो नगरसेवकाला, आमदाराला, ग्रामसभेत विचारलाच पाहिजे. आपल्या वस्तीतला रस्ता, गटार, उर्दू शाळेची गळकी छपरे यांचा जाब मागायचा हक्क कर देणाऱ्याला आहे. आणि कर देणारा म्हणजे फक्त मोठा व्यापारी नव्हे. साबणाची वडी घेणारी धुणीभांडी करणारी बाईसुद्धा करदाती आहे. तिने दिलेला कर बिलाविना कोणाच्या खिशात गेला, तर शासनाला जाब विचारण्याची आपली बाजूच लंगडी होते.

कर दिला म्हणून जकात सुटत नाही

आता सुरुवातीच्या गोंधळाकडे येऊ. साबणाच्या त्या वडीवर लखपती आणि मोलकरीण दोघेही सारखाच कर देतात. जकात मात्र ज्याच्याकडे निसाबाइतकी संपत्ती आहे आणि तिच्यावर वर्ष गेले आहे, त्याच्यावरच फर्ज आहे. हनफी उलेमांच्या हिशेबाने निसाब ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी आहे आणि दर अडीच टक्के. कोकणातल्या शाफई घराण्यांनी आपल्या आलिमांकडून तपशील घ्यावा. कर खरेदीवर लागतो, जकात साठलेल्या मालमत्तेवर. कराचा पैसा सरकार कोठेही खर्च करू शकते. जकातीचे आठ हकदार सूरह तौबामध्ये ठरवून दिले आहेत. म्हणून सरकारी कर भरल्याने जकात अदा होत नाही, असे उलेमा सांगतात.

दुकानदाराने वर्षअखेरीचा हिशेब करताना विक्रीसाठी ठेवलेल्या मालाची आजची किंमत धरावी. गल्ल्यात असलेला, ग्राहकांकडून घेतलेला पण अजून न भरलेला जीएसटी वेगळा मांडावा आणि तो जकातीच्या हिशेबात कसा धरायचा, हे आलिमांना विचारावे. रोज रात्री गल्ला मोजताना कराची रक्कम वेगळ्या खात्यात टाकण्याची सवय लावली, तर दोन्ही हिशेब सोपे होतात. विवरणपत्राची तारीख आली की उसनवारी करावी लागत नाही आणि रमजान आला की आपले किती, सरकारचे किती आणि गरिबांचे किती, हे वहीतच दिसते.

ज्या घरात या तिन्ही रकमा वेगवेगळ्या ठेवल्या जातात, त्या घरातली मुले हलाल कमाई म्हणजे काय ते वहीवरूनच शिकतात. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या हाती आलेली प्रत्येक अमानत तिच्या मालकापर्यंत पोचवण्याची तौफीक देवो. आमीन.